म्युन्स्टरची पत्रे: सतराव्या शतकातील फ्रेंच वकिलांचा तहाचा पत्रव्यवहार संपादित करताना

तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट करणाऱ्या वाटाघाटी जर्मनीच्या वेस्टफालिया भागातील म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन शहरांत चालल्या आणि २४ ऑक्टोबर १६४८ रोजी तहांवर सह्या झाल्या. फ्रान्सचे दोन वकील (म्हणजे राजदूत), दाव्हो आणि सेर्व्हियाँ, १६४४ च्या वसंतात म्युन्स्टरला पोहोचले. १६४५ च्या जूनअखेरीस लाँगव्हिलचा ड्यूक त्यांचा प्रमुख म्हणून आला. १६४८ च्या फेब्रुवारीत तो परतला, दाव्होलाही त्याच वर्षी माघारी बोलावले गेले आणि तहावर सही करायला एकटा सेर्व्हियाँ उरला. या साडेचार वर्षांत म्युन्स्टर आणि पॅरिस यांच्यात टपालाच्या प्रत्येक फेरीबरोबर जी पत्रे गेली आणि आली, त्यांच्याच आधाराने हा तह कसा घडला हे आज सांगता येते. अशी पत्रे छापण्यासाठी किंवा संकेतस्थळावर ठेवण्यासाठी तयार करायची असतील तर काम कोठून सुरू करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे. हस्तलिखित वाचण्याची प्राथमिक सवय आणि सतराव्या शतकातील फ्रेंचची ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे.

सगळ्या कामाच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवावा, असे माझे मत आहे: ज्याला हे पत्र लिहिले, त्याच्या हाती नेमके काय पडले आणि केव्हा पडले? मूळ पाठ कोणता धरायचा, सांकेतिक मजकूर कसा छापायचा, टीप कोठवर लिहायची, या सर्व बाबींत मतभेद होतात, आणि दर वेळी हा प्रश्न विचारला की निर्णय सोपा झाला नाही तरी स्पष्ट होतो.

एका पत्राची अनेक रूपे

पहिले काम म्हणजे पत्राची उपलब्ध सर्व रूपे गोळा करणे. वकिलांच्या कचेरीत आधी मसुदा तयार होई. त्यावर खाडाखोड होई, समासात भर पडे. मग कारकून सुवाच्य प्रत काढी, तिच्यावर वकील सह्या करीत आणि ती पॅरिसला जाई. कचेरीच्या जावक वहीत एक नक्कल राही, आणि पुढे हौशी संग्राहकांनी व सरकारी अधिकाऱ्यांनी या पत्रांच्या नकलांचे जाडजूड खंड करून घेतले. आज पॅरिसला पोहोचलेल्या प्रती मुख्यतः फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या ला कुर्नव्ह येथील अभिलेखागारात राजकीय पत्रव्यवहाराच्या मालिकेत मिळतात, तर नकलांचे बरेच खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात आहेत आणि त्यांतील काही ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर पाहता येतात. एखादे पत्र एका ठिकाणी सापडले म्हणून शोध थांबवू नये. त्याचा मसुदा दुसऱ्या खंडात आणि सोबत पाठवलेले कागद तिसऱ्याच खंडात बांधलेले असण्याची शक्यता मोठी असते.

या रूपांपैकी पाठासाठी आधार धरावा तो रवाना झालेल्या, सही असलेल्या प्रतीचा, कारण पॅरिसमध्ये निर्णय घेणाऱ्यांनी तीच वाचली. ती हरवली असेल तर मसुदा घ्यावा, आणि मसुदाही नसेल तेव्हाच नक्कल. नकलेचा अक्षरांचा सुबकपणा संपादकाला मोहात पाडतो, परंतु नक्कल करणाऱ्याने वाक्ये गाळलेली असतात, नावे चुकवलेली असतात आणि काही वेळा आपल्या काळाचे शुद्धलेखन त्यात घातलेले असते.

मात्र मसुद्याला दुय्यम ठरवले म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करावे असे नाही. मसुद्यातील खोडलेला मजकूर टिपेत पूर्ण द्यावा, असा माझा आग्रह आहे. वकिलांनी आधी काय लिहिले आणि मग काय लिहायचे टाळले, ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाही. तिघांच्या सह्यांच्या संयुक्त पत्रात तर ती फारच मोलाची असते. दाव्हो आणि सेर्व्हियाँ यांचे वैर १६४४ मध्येच इतके वाढले होते की ते एकमेकांविरुद्ध लांबलचक आरोपपत्रे लिहीत होते. अशा दोघांच्या नावे जाणाऱ्या पत्राच्या मसुद्यावर दुरुस्ती कोणाच्या हातची आहे, हे ओळखता आले तर वाटाघाटीतील एखादी भूमिका कोणाची होती हे कळते. म्हणून पाठभेदाच्या टिपेत केवळ ‘खोडले’ असे न लिहिता, हस्ताक्षर ओळखीचे असल्यास ते कोणाचे आणि शंका असल्यास तीही, नोंदवावी.

पॅरिसकडून येणाऱ्या कागदांतही असाच दुहेरी प्रवाह आहे. एका बाजूला परराष्ट्र सचिव ब्रिएन याची पत्रे असतात, दुसऱ्या बाजूला ‘राजाचे निवेदन’ या नावाने जाणारे मोठे टिपण. चौदावा लुई १६३८ साली जन्मला. १६४४ मध्ये तो जेमतेम सहा वर्षांचा होता. राज्यकारभार त्याची आई, ऑस्ट्रियाची अ‍ॅन, पाहत होती आणि परराष्ट्र धोरण कार्डिनल माझारँ ठरवीत होता. ही निवेदने माझारँच्या सूचनेवरून बहुधा त्याचा सचिव लिऑन लिहीत असे, आणि लिऑन हा सेर्व्हियाँचा भाचा होता. पत्राच्या शीर्षटिपेत ‘प्रेषक: राजा’ एवढेच लिहिले तर ते खोटे ठरत नाही, पण वाचक अंधारातच राहतो. नावापुरता प्रेषक आणि प्रत्यक्ष लेखक या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. सेर्व्हियाँ आणि लिऑन यांचा खासगी पत्रव्यवहार संग्रहात घ्यावा की नाही, असा प्रश्न येतो. जागा असेल तर तो घ्यावाच, कारण सरकारी पत्रात जे आडून लिहिले आहे ते तेथे उघड सापडते.

लिप्यंतर: अक्षर, खूण आणि विरामचिन्ह

सतराव्या शतकातील फ्रेंच लेखनात ‘यू’ आणि ‘व्ही’ तसेच ‘आय’ आणि ‘जे’ यांच्यात आजच्यासारखा भेद पाळला जात नाही. छापील पाठात हा भेद आजच्या पद्धतीने करावा, संक्षेप उलगडावेत, लोपचिन्हे (अपॉस्ट्रॉफी) आणि मोठी अक्षरे आजच्या रीतीने द्यावीत. शब्दांचे शुद्धलेखन मात्र कागदावर आहे तसे ठेवावे, ही फ्रान्समध्ये रूढ झालेली आणि विश्वासार्ह पद्धत आहे. काही संपादक सोळाव्या शतकानंतरच्या कागदांचे शुद्धलेखनही आधुनिक करतात. तसे केल्यास सामान्य वाचकाची सोय होते, पण कारकून बदलला हे शुद्धलेखनावरून ओळखण्याची वाट बंद होते, म्हणून या संग्रहासाठी मी ते करणार नाही.

स्वरावरील खुणांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शेवटच्या ‘ए’वर खूण नसेल तर ‘अकॉर्द’, म्हणजे ‘मान्य करतो’. खूण असेल तर ‘अकॉर्दे’, म्हणजे ‘मान्य केलेले’. तसेच ‘त्रेत’ म्हणजे ‘बोलणी करतो’ आणि ‘त्रेते’ म्हणजे ‘तह’. कारकुनाने खूण दिली नसेल तर ती संपादकाला द्यावी लागते, आणि तहाच्या पत्रात एखादे कलम मान्य झाले आहे की मान्य होत आहे हा फरक लहान नाही. मोडी कागद बाळबोधीत उतरवणाऱ्याला ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत असाच निर्णय ओळ न् ओळ घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी व्याकरणावरून उत्तर मिळते. जेथे दोन्ही अर्थ बसतात तेथे एक निवडून टिपेत दुसरा द्यावा.

संक्षेपांची एक यादी सुरुवातीलाच करून ठेवावी. माझारँसाठी ‘आपली एमिनन्स’, लाँगव्हिलसाठी ‘आपली आल्तेस’, राजा आणि राणीमातेसाठी ‘उभय महाराज’ अशा पदव्या केवळ आद्याक्षरांनी लिहिलेल्या असतात, आणि एक अक्षर चुकले की बोलणे कोणाशी चालले आहे हेच बदलते. महिन्यांच्या संक्षेपात नवख्या माणसाची हमखास फसगत होते. सात हा आकडा आणि त्यापुढे ‘ब्र’ ही अक्षरे दिसली की तो महिना जुलै नसून सप्टेंबर असतो; आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. हे आकडे लॅटिन नावांतील सात, आठ, नऊ, दहा यांवरून आले आहेत. जुन्या सूचींत आणि छापील संग्रहांत या कारणाने सरकलेल्या तारखा आढळल्यास नवल वाटू नये.

पण संपादकाच्या हातून सर्वांत मोठी ढवळाढवळ होते ती विरामचिन्हांत. म्युन्स्टरमध्ये फ्रान्सचे वकील आणि प्रतिपक्षाचे, म्हणजे पवित्र रोमन सम्राटाचे वकील सहसा समोरासमोर बसत नसत. पोपचा प्रतिनिधी फाबिओ कीजी आणि व्हेनिसचा वकील आल्व्हिझे कोंतारिनी हे दोघे मध्यस्थ एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन निरोप पोहोचवीत. त्यामुळे पत्रात येते ते असे: कोंतारिनीने आम्हाला सांगितले की सम्राटाचा मुख्य वकील ट्राउटमान्सडोर्फ त्याला म्हणाला की ऱ्हाइनकाठचा ब्रायझाख किल्ला देणे अशक्य आहे, की सम्राट तसे कधीच करणार नाही, की तरीही काही मार्ग निघू शकेल. (हे वाक्य रचना दाखवण्यासाठी मी तयार केले आहे, पण अशी वाक्ये पानोपानी भेटतात.) यातील शेवटचा ‘की’ कोणाचा? मार्ग निघू शकेल असे ट्राउटमान्सडोर्फ म्हणाला, की मध्यस्थाने आपल्या मनाने आशा दाखवली, की फ्रेंच वकिलांनीच तसा अंदाज बांधला? मूळ कागदावर एकामागून एक स्वल्पविराम असतात किंवा काहीच नसते. संपादकाने तेथे अर्धविराम दिला तर तो ‘की’ आधीच्या बोलण्यापासून तुटतो, आणि पूर्णविराम दिला तर ते वकिलांचे स्वतःचे मत होऊन बसते. अशा जागी दोन गोष्टी पाळाव्यात. एक, वाक्य तोडण्याचा मोह टाळावा. लांबलचक वाक्य लांबच राहू द्यावे आणि केवळ हलके विराम द्यावेत. दोन, त्याच भेटीचे वृत्त दुसऱ्या बाजूने लिहिले गेले आहे का ते पाहावे. सम्राटाच्या वकिलांनी व्हिएन्नाला लिहिलेली पत्रे आणि त्यांच्यापैकीच फोल्मार याची रोजनिशी उपलब्ध आहे. दोन्ही बाजूंचे वृत्त शेजारी ठेवले की निम्म्याहून अधिक शंका मिटतात आणि उरलेल्यांसाठी प्रामाणिक टीप लिहिता येते.

यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घेण्याची साधने आता हाताशी आहेत. ट्रान्सक्रिबस आणि ई-स्क्रिप्टोरियम ही त्यांतील परिचित नावे. एकाच कारकुनाच्या हातची बरीच पाने असतील तर त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु यंत्राची चूक माणसाच्या चुकीपेक्षा वेगळी असते: ते अर्थशून्य अक्षरांऐवजी अर्थपूर्ण पण वेगळाच शब्द देते, आणि विशेषनामे व आकडे यांत तर नेहमी गोंधळते. त्यामुळे यंत्राने दिलेला पाठ केवळ नजरेखालून घालणे पुरेसे नाही. प्रतिमेशी शब्दशः ताडून पाहावे.

सांकेतिक मजकूर

गुप्त भाग आकड्यांत लिहिला जाई. एक आकडा कधी एका अक्षरासाठी, कधी अक्षरसमूहासाठी, कधी थेट एखाद्या माणसाच्या किंवा देशाच्या नावासाठी वापरत, आणि वाचणाऱ्या परक्याला चकवण्यासाठी मध्ये निरर्थक आकडेही पेरत. माझारँच्या आधीचा मुख्यमंत्री रिशल्यू आणि माझारँ यांच्या सेवेत असलेल्या आंत्वान रोसिन्योलसारख्या माणसांमुळे फ्रेंच दरबाराला परक्यांची पत्रे फोडता येत होती, आणि आपली पत्रेही फोडली जातील याची जाणीव होती.

रवाना झालेल्या प्रतीवर आकड्यांच्या ओळी असतात आणि त्यांच्या वर, बारीक अक्षरात, पॅरिसच्या कारकुनाने केलेली उकल असते. मसुद्यात तोच भाग साध्या फ्रेंचमध्ये असतो आणि तो आकड्यांत घालायचा आहे हे सांगणारी रेघ खाली किंवा समासात मारलेली असते. म्हणजे एकाच वाक्याची तीन रूपे समोर येतात आणि ती नेहमी जुळत नाहीत. येथे आपला मूळ प्रश्न पुन्हा विचारावा. माझारँने वाचली ती कारकुनाची उकल. म्हणून पाठात उकल छापावी, सांकेतिक भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे ठळक खुणेने दाखवावे, आणि मसुद्यात वेगळा शब्द असेल तर तो टिपेत द्यावा. उकल करताना कारकून चुकला असेल आणि त्या चुकीवर पॅरिसहून उत्तर गेले असेल, तर ‘दुरुस्त’ पाठ छापणारा संपादक त्या उत्तराला अनाकलनीय करून टाकतो. आकडे स्वतः छापण्याची गरज नसते. मात्र उकल हरवली असेल तर किल्ली पुन्हा बांधता यावी यासाठी आकड्यांसह सर्व पानांच्या प्रतिमा जपाव्यात.

कोणता भाग आकड्यांत घातला आहे हीसुद्धा माहितीच आहे. पत्राचा मायना आणि सैन्याच्या बातम्या उघड लिहून, पुढे मित्रराष्ट्रांविषयीचा संशय तेवढा आकड्यांत घातलेला असेल, तर वकिलांना भीती शत्रूची होती की मित्राची हे त्यावरूनच दिसते.

तारखा आणि टपाल

फ्रान्सने १५८२ मध्येच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते, त्यामुळे फ्रेंच वकिलांच्या तारखांत अडचण नाही. अडचण येते ती ओस्नाब्रुककडून. स्वीडनचे वकील आणि जर्मनीतील प्रॉटेस्टंट राजे दहा दिवस मागे असलेले जुने पंचांग वापरत होते. म्हणून तहाची तारीखही १४/२४ ऑक्टोबर अशी दुहेरी लिहिलेली आढळते. फ्रेंच पत्रासोबत स्वीडिश कागद जोडलेला असेल तर त्याची तारीख शीर्षटिपेत दोन्ही रीतींनी द्यावी, नाहीतर सोबतचा कागद पत्राच्या आधी दहा दिवस लिहिला असे चुकून वाटेल.

प्रत्येक पत्राला दोन तारखा असतात, लिहिल्याची आणि मिळाल्याची, आणि संग्रह त्या दोन्हींशिवाय अपुरा राहतो. मिळाल्याची तारीख पत्राच्या पाठीवर नोंदलेली असते किंवा ‘आपले अमुक तारखेचे पत्र काल मिळाले’ अशा उत्तरातील वाक्यावरून कळते. पॅरिसहून म्युन्स्टरला पत्र पोहोचायला आठवड्याहून अधिक काळ लागे. तोवर दुसरे पत्र उलट दिशेने निघालेले असे, आणि एक बाजू ज्या प्रश्नाचे उत्तर देत आहे तो प्रश्न दुसऱ्या बाजूने मागे टाकलेला असे. म्हणून पत्रे कालक्रमाने छापताना प्रत्येकाच्या माथ्यावर ‘उत्तर कोणत्या पत्राला’ आणि ‘यास उत्तर कोणते’ अशा दोन नोंदी द्याव्यात. आवक-जावक एका तक्त्यात मांडून ठेवले तर मध्येच हरवलेले पत्रही लक्षात येते, आणि हरवलेल्या पत्राची नोंद त्याच्या जागी करणे हे संपादकाचे कामच आहे.

टिपा लिहिताना

टीप लिहिणाऱ्याला पुढे काय घडले हे माहीत असते, पत्र लिहिणाऱ्याला नसते. डंकर्क हे बंदर वेढ्यानंतर ११ ऑक्टोबर १६४६ रोजी फ्रेंचांच्या हाती आले. दुसऱ्या दिवशी म्युन्स्टरमध्ये लिहिलेल्या पत्रात त्या वेढ्याविषयी काळजी दिसली तर टिपेने शरणागतीची तारीख जरूर द्यावी, पण ती बातमी म्युन्स्टरला केव्हा आली हेही पुढील पत्रांवरून शोधून द्यावे.

माणसे नावाने कमी आणि पदाने अधिक येतात. ‘मस्यू’ म्हणजे राजाचा काका गास्ताँ. ‘लांडग्रेव्हीण बाई’ म्हणजे हेसेन-कासेलची अमालिये एलिझाबेथ. ‘श्रीमंत स्टेट्स’ म्हणजे डच प्रजासत्ताकाची सर्वसाधारण सभा. यांतील सर्वांत फसवे पद ‘मस्यू ल प्रँस’ हे आहे. १६४६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत त्याचा अर्थ काँदेचा राजपुत्र आँरी असा होता. २६ डिसेंबर १६४६ रोजी तो वारला आणि तेच पद त्याच्या मुलाकडे, रोक्रुआची लढाई जिंकणाऱ्या आणि तोवर आँग्याँचा ड्यूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लुईकडे आले. जानेवारी १६४७ च्या पहिल्या पंधरवड्यातील पत्रांत हे पद आले तर लिहिणाऱ्यापर्यंत मृत्यूची बातमी पोहोचली होती का, हे पाहिल्याशिवाय टीप लिहू नये. संगणकाने एकदम सगळीकडे एकच ओळख चिकटवण्याची सोय येथे घातक ठरते.

स्थळनामे फ्रेंच कानाने ऐकून लिहिलेली असतात: फिलिप्सबर्गचे ‘फिलिसबूर’ होते, स्पेनचा वकील पेन्यारांदा याच्यासारख्या स्पॅनिश नावाची तर पानागणिक नवी रूपे दिसतात. पाठात रूप बदलू नये. सूचीत आजचे नाव मुख्य नोंद म्हणून द्यावे आणि पत्रांतील प्रत्येक रूपावरून तिकडे बोट दाखवावे. ही सूची कामाच्या शेवटी करायची असते असा समज आहे. ती पहिल्या पत्रापासून वाढवत नेली तर तिसाव्या पत्रातील अडलेले नाव पाचव्या पत्रातील रूपावरून सुटते.

टिपा दोन स्वतंत्र मालिकांत ठेवाव्यात: पाठभेदांसाठी अक्षरे, आशयासाठी आकडे. वेस्टफालियाच्या तहाची कागदपत्रे १९६२ पासून बॉनच्या संशोधकांनी जी मोठी ग्रंथमाला काढून छापली, तिच्यातील फ्रेंच पत्रव्यवहाराचा १६४४ सालचा खंड १९७९ मध्ये निघाला, आणि या मालेचे बरेच खंड २०१४ पासून संकेतस्थळावर खुले आहेत. नवे काम हाती घेणाऱ्याने तो खंड मांडणीचा नमुना म्हणून समोर ठेवावा. हेगमध्ये १७२५-२६ साली चार खंडांत छापलेला गुप्त वाटाघाटींचा संग्रह आणि एकोणिसाव्या शतकात सुरू होऊन १९०६ मध्ये पूर्ण झालेला माझारँच्या पत्रांचा नऊ खंडांचा संग्रह हे दोन्ही शोधासाठी उपयोगी आहेत. पाठासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये. पहिल्याचा पाठ हस्तलिखिताशी ताडूनच घ्यावा लागतो आणि दुसऱ्यात अनेक पत्रांचा केवळ सारांश आहे.

संकेतस्थळासाठी काम करत असाल तर टीईआय या नावाने ओळखली जाणारी खुणांची पद्धत वापरावी. तिच्यात प्रेषक, प्राप्तकर्ता, ठिकाण आणि दोन्ही तारखा यांसाठी ठरलेली जागा आहे; संक्षेप आणि त्याची उकल दोन्ही साठवता येतात; खोडलेला व नंतर घातलेला मजकूर वेगळा ठेवता येतो. छापील पानावर संपादकाला एकच रूप पुढे करावे लागते, येथे वाचक स्वतः कारकुनाचे लेखन किंवा संपादकाचा पाठ निवडू शकतो. विरामचिन्हेही अशाच रीतीने नोंदवावीत, म्हणजे वर सांगितलेल्या त्या ‘की’च्या जागी संपादकाचा अर्धविराम दूर करून मूळ ओळ पाहणे शक्य होते.

प्रकाशनापूर्वीची ताडणी दोघांनी करावी. एकाने हस्तलिखिताच्या प्रतिमेवरून मोठ्याने वाचावे, विरामचिन्हे आणि आकडे उच्चारून, आणि दुसऱ्याने तयार पाठावर बोट ठेवून तपासावे. ज्याने लिप्यंतर केले त्याने प्रतिमा वाचू नये, कारण त्याला आपली जुनी चूकच पुन्हा दिसते. या बैठकीत निघालेल्या शंका, त्यांवर झालेले निर्णय आणि सुरुवातीला ठरवलेले लिप्यंतराचे नियम एकत्र करून संग्रहाच्या प्रस्तावनेत छापावेत, आणि नियम मध्येच बदलला असेल तर तो कोणत्या पत्रापासून बदलला त्या पत्राचा क्रमांकही तेथे द्यावा.